खच्ची जनावर आणि घरचा कुत्रा

घरी कुत्रा पाळणाऱ्या मंडळींची एक तक्रार आपण पुष्कळदा ऐकली असेल. "ऑपरेशन करून आणलं, आणि तेव्हापासून हा असा फुगत चाललाय!" तक्रारीचा रोख बहुधा डॉक्टरांकडे असतो. कधी तो कुत्र्याकडेही वळतो. "हावरा झालाय मेला," असे म्हणून त्याच्या पाठीवर प्रेमाची एक थाप पडते आणि त्याच हाताने एक बिस्किट पुढे होते.

शस्त्रक्रियेनंतर कुत्रा जाड होतो, या समजुतीत तथ्य आहे. पण ते निम्मेच. उरलेले निम्मे त्या बिस्किटात आहे. आणि मौज अशी, की हे सबंध प्रकरण माणसाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. त्याच्या जोरावर त्याने बाजार मांडले, मेजवान्या झोडल्या; एका सम्राटाने तर त्यावर शिलालेख कोरवला. घरच्या कुत्र्याची पाळी आली तेव्हा मात्र ते ज्ञान नेमके स्मरणातून गेले. ते कसे गेले, आणि त्याची किंमत कुत्र्याला किती मोजावी लागते, ते आपण पाहू.

आधी शब्दांचा एक खुलासा करायला हवा. नराचे वृषण किंवा मादीचे अंडाशय काढून टाकणे याला नगरपालिकेच्या कागदात 'निर्बीजीकरण' म्हणतात आणि बोलताना लोक 'नसबंदी' म्हणतात. हा दुसरा शब्द तितकासा बरोबर नाही. माणसाच्या नसबंदीत फक्त नळी बांधतात किंवा कापतात. ग्रंथी जागच्या जागी राहतात आणि त्यांचे रक्तात रस सोडण्याचे काम चालूच राहते. कुत्र्याच्या बाबतीत बहुतेक वेळा ग्रंथीच काढल्या जातात, आणि सगळा फरक पडतो तो इथे. खेड्यातला 'खच्ची करणे' हा शब्द कानाला राकट लागतो खरा, पण अर्थाने तोच नेमका आहे. म्हणून मीही तोच वापरतो. वाचकांनी राग मानू नये.

खच्ची केलेल्या बोकडाच्या अंगाला मांस आणि चरबी लवकर धरते, त्याच्या मटणाला उग्र वास येत नाही, हे कुठल्याही धनगराला विचारा, तो सांगेल. त्यासाठी त्याला पुस्तक उघडावे लागत नाही. गोऱ्ह्याचा बैल करतात तो मात्र चरबीसाठी नव्हे. तो शांत व्हावा, औताला नीट चालावा, म्हणून. आणि पहा, नांगराला जुंपलेला बैल खच्ची असूनही फुगत नाही. बोकडावर जी क्रिया केली तीच बैलावर केली. एक पुष्ट झाला, दुसरा सडसडीत राहिला. एकाच्या पुढ्यात पाला होता आणि दुसऱ्याच्या मानेवर जू होते. हा बैल वाचकांनी जरा लक्षात ठेवावा, कारण पुढे तो आपल्या उपयोगी पडणार आहे.

लेखी पुरावा शोधू लागलो तर तो थेट ॲरिस्टॉटलपर्यंत जातो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्याने प्राण्यांविषयी जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात खच्ची करण्याचे परिणाम त्याने बारकाईने नोंदवले आहेत. कोंबड्याला खच्ची केले की तुरा फिका पडतो, आरवणे थांबते. कोवळ्या वयात खच्ची केलेले जनावर बरोबरीच्या इतरांहून मोठे होते. पूर्ण वाढ झाल्यावर केले तर आकारात भर पडत नाही. त्याहून नवल वाटते ते मादीवरच्या शस्त्रक्रियेचे. डुकरिणीला दोन दिवस उपाशी ठेवायचे, मागच्या पायांनी उलटे टांगायचे, ओटीपोटाला छेद द्यायचा, आत गर्भाशयाला चिकटलेला भाग कापून काढायचा आणि जखम शिवून टाकायची. गुंगीचे औषध नाही, काही नाही. वाचताना अंगावर काटा येतो. हे कशासाठी? तर डुकरीण माजावर येऊ नये आणि अंगाने चांगली भरावी, म्हणून. लढाईत वापरायच्या सांडणींवरही, त्या गाभण राहू नयेत म्हणून, अशीच शस्त्रक्रिया करीत, असे तो सांगतो. म्हणजे आज दवाखान्यात कुत्रीवर जी शस्त्रक्रिया होते, तिची पणजी अडीच हजार वर्षांपूर्वीच्या डुकरांच्या वाड्यात सापडते. आणि तिथे चरबी हा दुष्परिणाम नव्हता, तोच तर हेतू होता.

रोमन लोक तर खाण्याच्या बाबतीत कोणाला हार जाणारे नव्हते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला वारो आणि त्यानंतर शतकभराने झालेला कोलुमेला, या दोघांनीही शेतीवर ग्रंथ लिहिले आणि दोघांनीही खच्ची कोंबड्याचा उल्लेख केला आहे. त्याला लॅटिन भाषेत वेगळे नावच होते, आणि त्या नावावरून आलेला 'केपन' हा शब्द युरोपातल्या बड्या मेजवान्यांच्या याद्यांत पुढे शतकानुशतके दिसतो.

आपल्याकडचा पुरावा दगडावर आहे. दिल्लीला फिरोजशहा कोटल्यावर जो अशोकस्तंभ उभा आहे, तो मूळचा तोपरा गावचा. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो दिल्लीला आणवला. त्यावर अशोकाचे जे लेख आहेत, त्यांतला पाचवा लेख राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावरचा आहे. त्यात न मारण्याच्या प्राण्यांची लांबलचक यादी आहे, ती आपण शाळेत कधीतरी ऐकली असेल. पण त्याच लेखात दोन हुकूम आणखी आहेत, ते सहसा कोणी सांगत नाही. एक, कोंबड्यांना खच्ची करू नये. दुसरा, बैल, बोकड, मेंढे, डुकरे आणि अशीच जी इतर जनावरे खच्ची केली जातात, त्यांना पक्षाच्या अष्टमीला, चतुर्दशीला, पंधराव्या तिथीला, तिष्य व पुनर्वसू नक्षत्रांच्या दिवशी खच्ची करू नये. सम्राटाला दिवस नेमून द्यावे लागले, यावरून हा धंदा केवढा सर्रास चालत असला पाहिजे, याची कल्पना येते. यादीत कुत्र्याचे नाव नाही. नसणारच. कुत्र्याला पोसून कापायचे नव्हते, आणि औताला जुंपायचे नव्हते.

कुत्र्याचे नाव या इतिहासात येते ते शिकारीच्या वाटेने. फ्रान्सच्या दक्षिणेकडचा एक संस्थानिक, फ्वाचा काउंट गास्तों फेबुस, याने १३८७ साली शिकारीवर ग्रंथ लिहायला घेतला. त्याच्या आधाराने पंधराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात यॉर्कचा ड्यूक एडवर्ड याने इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. त्यात पिल्ले नको असतील तर शिकारी कुत्रीला खच्ची करावे असे सांगितले आहे. वर अशी कुत्री इतरांपेक्षा जास्त काळ कामाला टिकते, अशी शिफारसही आहे. ती जाड झाल्याने काय बिघडते, हा प्रश्न त्या शिकाऱ्यांना कशाला पडेल? हरणामागे कोसच्या कोस धावणारी ती कुत्री. तिच्या अंगाला चरबी कुठून चिकटायची? मघाशी लक्षात ठेवलेला बैल तो हाच. मुधोळकडचे कारवानी कुत्रे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना धावणाऱ्या कुत्र्याचे अंग कसे असते हे सांगायला नको. पोट पाठीला लागलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. आणि त्यातच त्याचे रूप.

असे का होते, याचा शोध मात्र फार उशिरा लागला. १८४९ साली जर्मनीत ग्योटिंगेन येथे बर्टहोल्ड नावाच्या प्राध्यापकाने सहा तरुण कोंबड्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. काहींचे वृषण काढले, तर त्यांचे तुरे खुरटले आणि त्यांचे भांडणे, आरवणे संपले. काहींचे वृषण काढून पोटात भलत्याच जागी बसवले; मज्जातंतूंचा पहिला संबंध तुटला तरी ते कोंबडे पूर्वीसारखेच आरवत राहिले. तेव्हा या ग्रंथी रक्तात काहीतरी सोडतात आणि ते साऱ्या देहाला पोचते, असा अर्थ निघाला. आज आपण ज्यांना संप्रेरके म्हणतो, त्यांच्या शास्त्राची ही पायरी. गंमत अशी, की त्या काळी या प्रयोगाकडे फारसे कोणी लक्षच दिले नाही.

पुढचे काम खुद्द कुत्र्यांनी केले. म्हणजे त्यांच्याकडून करून घेतले. म्यूनिकमध्ये माक्स रूब्नरने लहानमोठ्या कुत्र्यांच्या देहातून रोज किती उष्णता बाहेर पडते याची मापे घेतली आणि १८८३ साली ती प्रसिद्ध केली. एकतीस किलोचा कुत्रा दर किलोमागे सुमारे ३६ उष्मांक खर्ची घालत होता, तर तीन किलोचा जवळजवळ ८८. लहान कुत्र्याची शेगडी मोठ्यापेक्षा जास्त भडकलेली असते, असे म्हणा. कुत्र्याच्या आहाराचा जो हिशेब आज पशुवैद्य करतात, त्याचे मूळ या मापांत आहे. १९३२ साली कॅलिफोर्नियात माक्स क्लायबर या स्विस शास्त्रज्ञाने त्याला नेमके गणिती रूप दिले. आणि १८९९ साली बर्लिनमध्ये लोवी आणि रिख्टर या दोघांनी आपल्या विषयाचा थेट प्रश्न विचारला: खच्ची केल्यावर ही शेगडी मंदावते का? अंडाशय काढलेल्या कुत्र्यांचा प्राणवायूचा खर्च त्यांना कमी झालेला आढळला, आणि अंडाशयाचा अर्क दिल्यावर तो पुन्हा चढला. यावर पुढे वाद झाले, उलट निकालही कोणी काढले. तरी एक गोष्ट कागदावर आली होती. धनगराला जे बाजारात दिसत होते, ते आता प्रयोगशाळेत तोलून पाहिले गेले होते.

इथपर्यंत सगळे ठीक चालले होते. घोटाळा पुढे झाला. कुत्र्याच्या आयुष्यात दोन बदल जवळजवळ हातात हात घालून आले, आणि त्यांची गाठ कोणी घालून पाहिली नाही.

पहिला बदल अन्नाचा. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन गृहस्थ लंडनला आला. तो आला होता विजेपासून घरांचे रक्षण करणारे दांडे विकायला, अशी गोष्ट सांगतात. पण बंदरावरची कुत्री जहाजावरचे टाकून दिलेले कडक बिस्किट खाताना त्याने पाहिली आणि त्याच्या डोक्यात नवाच धंदा आला. गहू, भाज्या आणि मांस यांची खास कुत्र्यांसाठी केलेली बिस्किटे त्याने बाजारात आणली. तोवर कुत्रा जगत होता उष्ट्यावर, शिळ्यावर, स्वतः पकडलेल्या उंदीरघुशींवर. पुढे १९५७ साली अमेरिकेत यंत्रातून फुलवून काढलेले कोरडे खाद्य आले आणि सगळेच सोपे झाले. पिशवी फोडा, वाडगा भरा. भाकरीच्या तुकड्यापेक्षा या दाण्यात उष्मांक किती दाट भरलेले असतात, हे वाडगा भरणाऱ्या हाताला कळत नाही. शिवाय वाडगा रिकामा झाला की तो पुन्हा भरण्याची माणसाला मोठी हौस असते.

दुसरा बदल शस्त्रक्रियेचा. गुंगीची औषधे सुधारली, जंतुनाशके आली, आणि घरच्या कुत्रीवर निर्धोकपणे शस्त्रक्रिया करता येऊ लागली. शहरांतून नको असलेली पिल्ले इतकी वाढली होती, की १९७०च्या दशकाच्या आरंभी लॉस एंजेलिससारख्या शहराने स्वतःचा निर्बीजीकरणाचा दवाखाना उघडला. हेतू चांगला होता. कुत्रीच्या गर्भाशयात पू होण्याचा जो जिवावरचा रोग असतो, तोही यामुळे टळतो. या शस्त्रक्रियेविरुद्ध माझे काही म्हणणे नाही, हे मी इथे स्पष्ट सांगतो. म्हणणे आहे ते वाडग्याविषयी. शिकारी कुत्री खच्ची झाली तरी धावत होती. ही नवी कुत्री सतरंजीवर होती. बोकडाला खच्ची करणारा माणूस त्याच्या पुढ्यातला पाला जाणूनबुजून वाढवीत असे, कारण त्याला चरबी हवी होती. आता चरबी नको असलेला माणूस तोच पाला, न जाणता, तितकाच घालत राहिला.

परिणाम मोजायला कोणी बसले तेव्हा तो ठळकच दिसला. इंग्लंडात एडनी आणि स्मिथ यांनी आठ हजारांहून अधिक कुत्र्यांची पाहणी करून १९८६ साली निष्कर्ष मांडले. जवळजवळ चौथा हिस्सा कुत्री प्रमाणाबाहेर जाड होती, आणि खच्ची केलेल्या माद्यांमध्ये हे प्रमाण न केलेल्यांच्या सुमारे दुप्पट होते.

आता आत काय घडते, ते थोडक्यात पाहू. अंडाशयातून निघणारा रस मेंदूतल्या भुकेच्या केंद्राला लगाम घालतो. कुत्री माजावर आली की तिचे खाणे कमी होते, हे आपण पाहिले असेल. तो त्या लगामाचाच परिणाम. अंडाशय गेले की लगाम सुटतो. भूक वाढते, आणि ती खरी असते. त्याला हावरेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. नराचे हिंडणे, हुंगत भटकणे, भांडणे कमी होते, म्हणजे खर्चही कमी. उत्पन्न वाढले आणि खर्च घटला, तर शिल्लक पडणारच. ती चरबीच्या रूपाने पडते. हे पहिल्या काही आठवड्यांत सुरू होते, आणि अंगावर केस दाट असले तर डोळ्यांना दिसायला सहा महिने लागतात.

आकडे हवेत? पंचवीस किलोचा कुत्रा घ्या. क्लायबरच्या सूत्राने त्याला नुसते पडून राहायला दिवसाला सुमारे ७८३ उष्मांक लागतात. खच्ची न केलेल्या प्रौढ कुत्र्याला त्याच्या १.८ पट, म्हणजे सुमारे १,४१० द्यावेत आणि खच्ची केलेल्याला १.६ पट, म्हणजे सुमारे १,२५०, असा पशुवैद्यांचा ढोबळ दंडक आहे. फरक दीडशे-एकशेसाठ उष्मांकांचा. म्हणजे किती? तेल लावलेली सव्वा-दीड पोळी, किंवा ग्लुकोजची सहा-सात बिस्किटे. बस्, एवढेच. पण ते रोज. आणि आपल्या घरात कुत्र्याला खाऊ घालणारा एक हात कधीच नसतो. आजोबांच्या चहाबरोबर दोन बिस्किटे, शाळेतून आलेल्या मुलाच्या डब्यातला उरलेला पराठा, दुपारी आजीने "बघतोय ना कसा" म्हणून टाकलेला पोळीचा तुकडा, रात्री वरणभाताचे पातेले. प्रत्येकजण शपथेवर सांगतो, की मी फक्त एवढंसं दिलं. प्रत्येकजण खरंच बोलत असतो!

या एवढ्याशा घासांची किंमत काय, याचे उत्तर एका प्रयोगाने दिले, आणि तो मला या सबंध इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत लॅब्रेडोर जातीची ४८ पिल्ले घेतली. एकाच वेतातली भावंडे घेऊन त्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जितके खायला दिले, त्याहून पंचवीस टक्के कमी दुसऱ्याला. बाकी घर, हवा, औषधपाणी सारे सारखे. असे त्यांच्या मरणापर्यंत चालवले. २००२ साली निकाल प्रसिद्ध झाला. जास्त खाणाऱ्यांचे मध्यम आयुष्य ११.२ वर्षे निघाले, कमी खाणाऱ्यांचे १३. सांध्यांचा विकारही कमी खाणाऱ्यांना उशिरा जडला. जास्त खाणारी कुत्री काही ढोली नव्हती हो. रस्त्यात पाहिली तर आपण त्यांना 'बाळसेदार' म्हटले असते. कुत्र्याच्या आयुष्यातली पावणेदोन वर्षे म्हणजे आपली दहाएक वर्षे तरी झाली. आणि हा प्रयोग केला कोणी? कुत्र्याचे खाद्य विकणाऱ्या एका कंपनीने. आपला माल कमी खावा हे सिद्ध करणारा दुकानदार विरळाच!

मग यावर एखादी गोळी नाही का, असा प्रश्न निघतो. निघाली होती. २००७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कुत्र्यांच्या लठ्ठपणावरच्या पहिल्या औषधाला मंजुरी दिली. त्याचे काम मुख्यत्वे भूक मारण्याचे होते. औषध चालू आहे तोवर कुत्रा कमी खाई. बंद केले की भूक परत. पुढे ते बाजारातून गेले. शास्त्रज्ञांनी तेवढ्यात कुत्र्याची बाजू घेणारी आणखी एक गोष्ट शोधून काढली. लॅब्रेडोर जातीत सुमारे चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांत आनुवंशिक द्रव्याचा एक बारीकसा तुकडा गळालेला असतो, असे केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली दिसून आले. अशा कुत्र्याला दोन जेवणांच्या मधल्या वेळात जास्त भूक लागते, आणि स्वस्थ पडलेला असताना त्याचा खर्चही कमी असतो, हे त्यांनीच २०२४ साली दाखवले. असा कुत्रा खच्ची झाला, की भुकेवर भूक चढते. त्याच्या डोळ्यांतली याचना नाटकी नसते. तरी वाडगा आपल्याच हातात आहे, हेही खरेच.

आपल्या रस्त्यांवर मात्र याच शस्त्रक्रियेचे दुसरे रूप दिसते. मोकाट कुत्र्यांचे काय करावे हा वाद मुंबईला नवा नाही. १८३२ च्या जून महिन्यात सरकारने कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि कोटात दंगल झाली. कुत्री मारणे त्यानंतरही दीर्घकाळ चालूच होते. पुढे २००१ साली केंद्र सरकारने नियम करून मारण्याऐवजी निर्बीजीकरण आणि लस हा मार्ग ठरवला. २०२३ साली त्या नियमांची नवी आवृत्ती निघाली. राजस्थानात जोधपूरच्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. खच्ची केलेल्या कुत्र्यांचे अंग न केलेल्यांपेक्षा भरलेले आढळले. इथे ते भरणे इष्ट होते. उकिरड्यावर पोट भरणाऱ्या, दर खेपेला पिल्लांना पाजून हाडकलेल्या कुत्रीच्या अंगाला थोडे मांस लागले, तर ते तिच्या जिवाला बळ देणारे. तीच शस्त्रक्रिया, तेच शरीर. तिच्यापुढे कोणी वाडगा भरून ठेवत नाही आणि तिला दिवसभर हिंडावे लागते, एवढाच काय तो फरक.

तेव्हा ज्यांच्या घरी शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे किंवा व्हायची आहे, त्यांनी जखम भरून कुत्रा नीट खाऊ लागला की रोजच्या अन्नातून साधारण पाचवा हिस्सा काढून टाकावा. वजन वाढण्याची वाट पाहू नये. चढलेली चरबी उतरवण्यापेक्षा ती चढू न देणे फार सोपे. कोवळ्या पिल्लाला मात्र ही काट लावू नये. त्याची हाडे अजून वाढत असतात, आणि ॲरिस्टॉटलने सांगितल्याप्रमाणे लवकर खच्ची केलेले पिल्लू उंचीलाही जास्त जाते. त्याचा आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. मोठ्या जातीच्या पिल्लावर शस्त्रक्रिया कोणत्या वयात करावी, हेही त्यांनाच विचारावे.

काट लावताना मांस, अंडे, डाळ यांवर लावू नका. तूप, तेल, बिस्किटे आणि पोळीवर लावा. भूक फारच असेल तर उकडलेला दुधी, गाजर, फरसबी यांनी पोट भरते आणि उष्मांक फारसे जात नाहीत. कांदा आणि मनुका मात्र चुकूनही नकोत, ती कुत्र्याला विषच आहेत. घरातल्या सगळ्यांचा खाऊ सकाळीच एका डब्यात मोजून ठेवावा; दिवसाच्या अन्नाच्या दहाव्या हिश्श्याहून तो जास्त नसावा. ज्याला द्यायचे त्याने त्या डब्यातूनच द्यावे. डबा संपला की संपला, मग आजोबा रागावले तरी चालतील.

वजन पाहण्यासाठी कुत्र्याला उचलून घेऊन घरच्या काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे, आणि वजाबाकी करावी. न उचलण्याजोगा असेल तर दवाखान्यात मोठा काटा असतो. पहिले चार महिने दर पंधरा दिवसांनी हे करावे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावे. काटा नसेल तर हात आहेच. तळवा बरगड्यांवरून हलकेच फिरवावा. बरगड्या दिसू नयेत पण बोटांना सहज लागाव्यात, आणि वरून पाहिले तर कंबर आत गेलेली दिसावी. पशुवैद्य याच खुणांवरून एक ते नऊ असे गुण देतात. चार किंवा पाच आले म्हणजे उत्तम. बरगड्या शोधायला बोटे रुतवावी लागली, तर वजन उतरवायला घ्यावे. पण आठवड्याला शंभरात एक ते दोन टक्क्यांपेक्षा जास्त नको. अन्न कमी करूनही दोन-तीन महिने काटा हलला नाही, कुत्रा सुस्त राहिला, केस गळू लागले, तर रक्त तपासून घ्यावे. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली की असेच होते, आणि त्यावर औषध आहे.